अडीच तास, कुणी हाक न मारता

टाळेबंदीच्या काळात आमच्या घरात सिनेमांचा नुसता पूर आला होता. सबटायटल्स वाचत मल्याळम सिनेमे पाहून झाले, कोरियन मालिका झाल्या. बाबांनी त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतले कृष्णधवल सिनेमे यूट्यूबवर शोधून काढले. मुलानं सुपरहिरोंची अख्खी फौज ओळखीची करून दिली. रात्रीची जेवणं उरकली की हॉलमधला दिवा घालवायचा आणि टीव्हीसमोर बसायचं, हा शिरस्ताच पडला. आणि त्या सगळ्या काळात माझ्या आईनं एकही सिनेमा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग पाहिला नाही.

आई-बाबा तेव्हा आमच्याकडेच राहायला आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मेथी निवडताना आई हळूच विचारायची, ‘‘शेवटी त्या पोराचं काय झालं गं? सापडला का बापाला?’’ मी सांगायची. ती ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि काड्या गोळा करून उठायची. कित्येक सिनेमांचे शेवट तिला असे मेथीबरोबर, पालकाबरोबर कळले.

सिनेमा सुरू झाला की तीही आमच्याबरोबर बसायची, नाही असं नाही. पण दहा मिनिटांत दूध उतू जायच्या बेताला यायचं. मग बाबांची नऊची गोळी. मग उद्याच्या उसळीचे मटार सोलायचे राहिलेत हे आठवायचं. तेव्हा तर बाहेरून आलेली भाजी मिठाच्या पाण्यात धुऊन, पंचावर पसरून वाळवायचंही एक काम वाढलं होतं. ती उठली की आमच्यापैकी कुणीतरी रिमोट उचलून म्हणायचं, ‘‘थांबवू का गं?’’ आणि आतून ठरलेलं उत्तर यायचं, ‘‘नको नको, तुम्ही बघा. मी ऐकतेय इथून.’’

ती थांबवू का देत नव्हती, हे मी स्वतः एकदा मधे उठले तेव्हा कळलं. सिनेमा थांबलेला असतो, पडद्यावर कुणाचं तरी तोंड अर्धवट उघडं राहिलेलं असतं आणि हॉलमधली सगळी माणसं तुमची वाट बघत असतात. कुणी काही बोलत नाही, पण हात भराभर चालायला लागतात. चार लोकांचा वेळ आपण अडवून धरलाय हे ओझं डोक्यावर घेण्यापेक्षा अर्धा सिनेमा सोडून दिलेला बरा, असं बाईला वाटतं. सिनेमा थांबवायची सोय घरातल्या इतरांच्या कामाला आली, तिच्या आली नाही.

महामारीनंतर सिनेमा थिएटरात पाहायचा की घरी, यावर पुष्कळ चर्चा झाली. मोठा पडदा, आवाज, तिकिटाचे दर, पॉपकॉर्नचे दर, ‘आठ आठवड्यांत घरीच येणार आहे, कशाला जायचं’ वगैरे. त्या चर्चेत एक गोष्ट मला कुठं वाचायला मिळाली नाही. घर ही कुणाची तरी कामाची जागा असते. जिच्यासाठी ते चोवीस तास कामाचं ठिकाण आहे, तिला तिथं सिनेमा ‘बघायला’ सांगणं म्हणजे कारकुनाला त्याच्या टेबलावर, समोर फायली ठेवून, सुट्टी घे म्हणण्यासारखं आहे. तिला बाहेर पडावंच लागतं. आणि बाहेर पडून कुणालाही हिशेब न देता अडीच तास बसता येईल अशा जागा आपल्याकडे बाईला किती आहेत? देऊळ आहे, पण तिथंही बसायचं ते जपमाळ घेऊन. माहेर आहे, पण माहेरीही पदर खोचून उभं राहावंच लागतं. थिएटरात मात्र काहीही न करता नुसतं बसायचं असतं, आणि तिकीट त्याचंच असतं.

आईचं माहेर सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं. लहानपणी तिनं सिनेमे पाहिले ते पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत, तंबूत. मार्गशीर्षातली कडाक्याची थंडी, घरून नेलेली घोंगडी जमिनीवर अंथरायची आणि बसायचं. मधोमध कापड लावून एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. रीळ बदलताना अंधार व्हायचा, पोरं शिट्ट्या मारायची आणि बायका तेवढ्यात शेंगदाण्याची पुरचुंडी एकमेकींकडे सरकवायच्या. तिची आजी, जिला घरात कधी कुणी बसलेलं पाहिलं नव्हतं, ती त्या घोंगडीवर मांडी घालून बसायची आणि खेळ संपेपर्यंत हलायची नाही. आईला त्या सिनेमांची नावं आता आठवत नाहीत. आजीची मांडी आठवते.

लग्न होऊन ती पुण्यात आली आणि तिला सिनेमाला सोबत मिळाली ती नणंदेची, म्हणजे माझ्या आत्याची. वहिनी-नणंदेचं सख्य सहसा कुणाला खरं वाटत नाही, पण या दोघींचं होतं आणि ते बाराच्या खेळामुळं जुळलं. सकाळचा स्वयंपाक आटोपायचा, पुरुषमाणसं कामावर गेलेली, मुलं शाळेत. साडेअकराला आत्या जिन्यातूनच हाक मारायची, ‘‘वहिनी, झालं का?’’ आई म्हणायची, ‘‘वन्सं, पाचच मिनिटं.’’ कधी विजय, कधी भानुविलास, कधी नीलायम, आणि मराठी सिनेमा असला की अप्पा बळवंत चौकाजवळचं प्रभात. त्याचं नाव आता किबे लक्ष्मी झालं आहे, आई अजून प्रभातच म्हणते. तीनला खेळ सुटायचा, सव्वातीनला मंडईतून भाजी आणि चारला मुलं शाळेतून यायच्या आत घरी चहाचं आधण. सिनेमाला गेल्याची खूण घरात कुठं उरायची नाही. सासूबाईंना माहीत असायचं आणि त्या बोलायच्या नाहीत. त्याही एखाददोन वेळा सोबत गेल्या होत्या.

बायकांचं आणि थिएटरचं हे नातं आपल्याकडे फार जुनं आहे, त्याकडे कुणी फारसं गांभीर्यानं पाहिलं नाही एवढंच. 1975 साली ‘जय संतोषी मां’ लागला तेव्हा बायका चपला बाहेर काढून थिएटरात शिरत, पडद्यावर फुलं उधळत, आरती करत. 1991 चा ‘माहेरची साडी’ पाहायला खेड्यापाड्यांतून ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरभरून बायका तालुक्याला आल्या. शहाण्यासुरत्या समीक्षकांनी तेव्हा नाकं मुरडली. रडारडीचा सिनेमा म्हणून तो हिणवला गेला. मला त्या ट्रॉलीत बसून आलेल्या बाईचं मन महत्त्वाचं वाटतं. घरी तिला रडायला जागा नव्हती. घरात रडलं की कोण काय बोललं, का बोललं, याची चौकशी होते. थिएटरच्या अंधारात शेजारची अनोळखी बाईही डोळे पुसत असते, त्यामुळं कुणी काही विचारत नाही. आमच्या हॉलमध्ये आईचे डोळे भरून आले की नातू मोठ्यानं ओरडायचा, ‘‘आजी रडतेय!’’ आणि सगळ्यांच्या माना वळायच्या. मग ती हसून पदर लावायची आणि पाणी प्यायला म्हणून आत निघून जायची.

9 मार्च 2020 ला महाराष्ट्रातले पहिले करोनाबाधित पुण्यातच सापडले आणि त्याच आठवड्यात थिएटरं बंद झाली. 5 नोव्हेंबरपासून निम्म्या क्षमतेनं उघडायला परवानगी मिळाली, पण तेव्हा आमची हिंमत झाली नाही. पुढं एप्रिल 2021 मध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा कुलपं लागली. त्याच एप्रिलमध्ये आत्या गेली. दवाखान्यात कुणाला सोडत नव्हते, आईला तिचं तोंडही बघायला मिळालं नाही. यावर मला अधिक लिहिता येणार नाही, आणि त्या महिन्यात पुण्यात असलेल्या कुणालाही ते सांगायची गरज नाही.

22 ऑक्टोबर 2021 ला थिएटरं पुन्हा उघडली. 19 नोव्हेंबरला ‘झिम्मा’ लागला. सात बायका नवऱ्यांना, मुलांना घरी ठेवून इंग्लंडच्या सहलीला जातात एवढंच त्याचं कथानक पेपरात वाचून आई म्हणाली, ‘‘हा बघायचा मला. घरी नाही, तिथं जाऊन.’’ बाबा नको म्हणाले. आकडे कमी झालेत पण गेलेले नाहीत, बंद जागा, वातानुकूलित हवा, तुझं वय. सगळं खरंच होतं. आई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, ‘‘दोन्ही लशी झाल्यात माझ्या. मला जायचंय.’’ माझ्या आठवणीत तिनं ‘मला जायचंय’ असं वाक्य त्याआधी उच्चारलेलं नाही. ‘जाऊ या का’ म्हणायची, ‘तुम्हाला वेळ असला तर’ म्हणायची.

थिएटरच्या दारात कपाळावर तापमापकाची बंदूक रोखली गेली, हातावर सॅनिटायझर आला, फोनमधलं लशीचं प्रमाणपत्र दाखवून झालं. खाण्याचे पदार्थ आत न्यायला मनाई होती, त्यामुळं नेहमीचा लोणकढ्या लोण्याचा तो पॉपकॉर्नी वास नव्हता. त्याऐवजी जंतुनाशकाचा आणि बरेच महिने बंद राहिलेल्या गालिच्याचा कोंदट वास होता. एकाआड एक खुर्चीवर कागदाची फुली चिकटवलेली. माझ्या आणि आईच्या मधली खुर्ची नियमानं रिकामी ठेवायची होती. आईनं तिच्यावर आपली पर्स ठेवली, चष्म्याचं घर ठेवलं, शाल घडी करून ठेवली. दिवे गेले.

राष्ट्रगीत सुरू झालं आणि आम्ही उभे राहिलो. 2003 पासून महाराष्ट्रातल्या थिएटरांत खेळाआधी राष्ट्रगीत होतं, इतकं अंगवळणी पडलेलं की एरवी त्यात मन नसतं. त्या दिवशी मास्कमागून कुणीतरी गुणगुणायला लागलं, मग मागच्या रांगेतून, मग डावीकडून. इतक्या अनोळखी माणसांचा श्वास एका जागी, एका वेळी ऐकू येण्याची दीड वर्षात आपल्याला नुसती भीती वाटत आली होती. मी मान वळवून आईकडे पाहिलं. तिचा मास्क आत-बाहेर होत होता, तीही म्हणत होती.

सिनेमाबद्दल मी फार लिहीत नाही, लोकांनी तो पाहिला आहे. मला सांगायचंय ते प्रेक्षागृहाबद्दल. तिथं बहुतेक बायका होत्या. तिघीतिघींचे, पाचसहाजणींचे गट, मधे फुल्या मारलेल्या खुर्च्या, तरी एकमेकींशी बोलणं चाललेलं. पहिला हशा आला तेव्हा तो जरा बिचकत आला, जणू मास्कमधून हसायची परवानगी आहे की नाही कुणाला ठाऊक नव्हतं. दुसरा मोकळा आला. त्यानंतर एका प्रसंगात एक बाई एवढ्या मोठ्यानं हसल्या की त्यांच्या हसण्यालाच सगळं थिएटर हसलं. घरी विनोद आला की आपण हसतो आणि विषय संपतो. इथं शेजारणीला तो लागला हे कळतं, ती कशाला हसली हे कळतं, आणि आपल्या घरात जे होतं ते हिच्याही घरात होतं हेही कळतं. ते कळायला बायकांना एरवी फार वेळ लागतो, कारण ते कुणी बोलत नाही.

आई अडीच तास जागची हलली नाही. फोन तिनं बंदच करून ठेवला होता. मधे माझा थरथरला. घरून होता, ‘वरण गरम करायला कुठल्या भांड्यात ठेवलंय’ असा निरोप. मी उत्तर देणार तेवढ्यात आईनं ती पर्सची खुर्ची ओलांडून हात पुढं केला आणि माझा फोन उलटा करून ठेवला.

मध्यंतरात बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर नेहमीसारखी रांग होती. थिएटर बांधणाऱ्यांना बायका येणार हे कधीच का सुचत नाही, हा माझा जुना राग आहे. पण त्या रांगेत जी बोलणी ऐकली ती मी विसरणार नाही. अंतर राखून उभं राहायचं होतं, त्यामुळं सगळ्या जरा मोठ्यानं बोलत होत्या. एक साठीच्या आसपासच्या बाई म्हणाल्या, ‘‘हे गेल्यापासून पहिल्यांदाच बाहेर पडले. सूनबाईनं ढकलूनच पाठवलं.’’ त्यांच्या मागची, बँकेचं ओळखपत्र गळ्यात तसंच असलेली मुलगी म्हणाली, ‘‘काकू, मी एकटी आलेय. घरी सांगितलंय, मीटिंग आहे म्हणून.’’ कुणी हसलं नाही तिला. एकीनं विचारलं, ‘‘कशी वाटली गं पहिली बाजू?’’ आणि ती म्हणाली, ‘‘रडू येतंय, पण बरं वाटतंय.’’ माझी आई, जी अनोळखी माणसाशी चट्कन बोलत नाही, ती त्या साठीच्या बाईंना म्हणाली, ‘‘माझी नणंद गेली. आम्ही दोघी यायचो.’’ त्या बाईंनी आईच्या दंडाला हात लावला. अंतराचा नियम होता. तरीही लावला.

आत्या गेल्यापासून सात महिन्यांत आईनं ते वाक्य घराबाहेरच्या कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. घरातही क्वचितच.

त्यानंतर आम्ही जात राहिलो. 2022 च्या गुढीपाडव्यापासून निर्बंध पूर्ण उठले, फुल्या गेल्या, मास्क ऐच्छिक झाला. थिएटरं पुन्हा भरू लागली असं सगळीकडे लिहून यायला लागलं. पण परत आलेल्यांत कोण नव्हतं, तेही पाहायला हवं.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी आईच्या वयाहून थोड्या लहान. त्यांच्या तरुणपणी त्या शेजारणींबरोबर पेठेतल्या एका थिएटरात स्टॉलचं तिकीट काढून जायच्या. धुणीभांडी उरकून बाराचा खेळ, तोच. ते थिएटर टाळेबंदीत बंद झालं आणि पुन्हा उघडलंच नाही. महाराष्ट्रभर एकपडदा थिएटरांची त्या काळात अशीच दैना झाली. खेळ होत नसला तरी विजेचं किमान बिल येतंच, मिळकतकर असतोच, प्रोजेक्टर अधूनमधून चालवला नाही तर बिघडतो, पावसाळ्यात खुर्च्यांच्या गाद्यांना बुरशी धरते, उंदीर वायरी कुरतडतात. उघडायची वेळ आली तेव्हा निम्म्याच खुर्च्या विकायच्या होत्या आणि मोठे सिनेमे निर्माते हातचे राखून बसले होते. साखळीतल्या मल्टिप्लेक्सनं हा मार कसाबसा सोसला. एकट्या मालकानं चालवलेलं थिएटर कुठून सोसणार? डोअरकीपर, बुकिंगवर बसणारा, प्रोजेक्टरचा ऑपरेटर, मध्यंतराला वडे विकणारा, यांतला एकेकजण दुसरं काहीतरी काम धरून निघून गेला.

मी मावशींना म्हटलं, मल्टिप्लेक्सला का जात नाही? त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या, ‘‘तिथं आमाला कोन आत घेतंय?’’ कुणी अडवत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. पण मॉलचा काचेचा दरवाजा, पर्स तपासणारी गणवेशातली बाई, सरकता जिना, तिकीट फोनवर काढायचं, आणि ते एका माणसाचं तिकीट म्हणजे एका घरच्या दोन-तीन दिवसांच्या पोळ्या. न अडवताही बाहेर ठेवता येतं माणसाला. मग मोबाइलवर बघता का, असं विचारलं. त्यांच्या घरात मोबाइलवर सिनेमा दिसतो, पण मोबाइल मुलाच्या हातात. टीव्हीचा रिमोट नवऱ्याच्या. मी त्याआधी असा विचारच केला नव्हता, की घरातल्या प्रत्येक पडद्याला एक मालक असतो. थिएटरच्या पडद्याला नसतो. तिथं काय लावायचं हे बाईनं ठरवलेलं नसलं, तरी ते बदलायचा अधिकार तिच्या नवऱ्यालाही नसतो.

तिकिटाच्या दराचा प्रश्न खरा आहे याचा पुरावा 23 सप्टेंबर 2022 ला मिळाला. राष्ट्रीय चित्रपट दिन म्हणून देशभरातल्या मल्टिप्लेक्समध्ये त्या दिवशी तिकीट 75 रुपये होतं. सकाळी सहापासूनचे खेळ भरले. लोकांना घरी बसून पाहायची सवय लागली, आता ते येत नाहीत, असं वर्षभर सांगणाऱ्यांना त्या एका शुक्रवारनं उत्तर दिलं. माणसं यायला तयार होती. पंचाहत्तर रुपयांत.

मग 30 जून 2023 ला ‘बाईपण भारी देवा’ आला. त्या पावसाळ्यात जे घडलं ते मराठी थिएटरांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेला उतरतात, ही गोष्ट. भिशीचे गट, भजनी मंडळं, सोसायट्यांची महिला मंडळं, शाळेतल्या शिक्षिका, सगळ्यांनी मिळून खेळच्या खेळ भरले. नऊवारी नेसून, नथ घालून, डोळ्यांवर गॉगल लावून बायका आल्या आणि शेवटच्या गाण्याला खुर्च्यांमधल्या वाटेत फुगड्या घालू लागल्या. माझ्या ओळखीचे काही चांगले, वाचणारे पुरुष त्या फुगड्यांवर नाराज होते; सिनेमा म्हणून त्यात काय आहे, असं म्हणत होते. सिनेमा म्हणून त्यात काय आहे याची चर्चा जरूर करावी. मलाही त्यात काही ठिकाणी ओढूनताणून वाटलं. पण दोन वर्षं घरात सगळ्यांचं खाणंपिणं, आजारपण, शाळा, सगळं एका ओट्यावरून निभावलेल्या बायका एकत्र बाहेर पडून मोकळ्या आवाजात हसत होत्या, त्याचं मोल सिनेमाच्या पटकथेवरून ठरवता येत नाही.

मावशी त्या सिनेमाला गेल्या. मला न सांगता, वस्तीतल्या बायकांबरोबर, टेम्पो ठरवून. एका नगरसेवकीण होऊ इच्छिणाऱ्या बाईनं तिकिटांचे पैसे भरले होते म्हणे. असेना का. दुसऱ्या दिवशी पोळ्या करताना त्यांनी मला सबंध गोष्ट सांगितली, कुणाच्या नवऱ्याचं काय, कुणाच्या पोरीचं काय, आणि तव्यावरची पोळी जरा जास्तच खरपूस झाली. सरकत्या जिन्याचं विचारलं तर म्हणाल्या, ‘‘एकमेकीचा हात धरला न् चढलो की.’’

एवढं होऊनही आम्हाला अजून काय मिळत नाही ते सांगते. दुपारचा खेळ मिळत नाही. मोठा हिंदी किंवा दाक्षिणात्य सिनेमा त्याच आठवड्यात असला की मराठी सिनेमा सकाळी नऊला लागतो, नाहीतर रात्री साडेदहाला. सकाळी नऊला कुठली बाई घरातून निघू शकते? रात्री एकला कुठली बाई रिक्षा शोधत उभी राहील? 2015 साली राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमासाठी ‘प्राइम टाइम’ राखून ठेवायला सांगितलं, तेव्हा वाटाघाटीअंती दुपारी 12 ते रात्री 9 अशी वेळ ठरली होती. त्यात बाराचा खेळ येतो. आईच्या आणि आत्याच्या पिढीनं ज्यावर सिनेमा पाहिला, आणि ज्यावर मराठी सिनेमा वर्षानुवर्षं जगला, तोच खेळ. खेळ ‘चालत नाही’ म्हणून काढून टाकायचा आणि मुळात तो अशा वेळी लावायचा की त्याचा प्रेक्षक येऊच शकणार नाही, हे बरोबर नाही. हे मी रागानं लिहिते आहे आणि तो राग मला लपवायचा नाही.

मागच्या वर्षी एका मराठी सिनेमाचं असंच झालं. आईला तो बघायचा होता आणि ॲपवर सकाळचा नाहीतर रात्रीचा, एवढेच दोन खेळ दिसत होते. आईनं मला थिएटरच्या व्यवस्थापकांना फोन लावायला लावला आणि फोन स्वतः हातात घेतला. ‘‘दुपारी कोण येतं हो मावशी?’’ असं ते चांगल्या शब्दांत म्हणाले. आई म्हणाली, ‘‘किती माणसं आणली तर लावाल, तेवढं सांगा.’’ त्यांनी आकडा सांगितला. मग आमची सोसायटी, आईचं भजनी मंडळ, माझ्या ऑफिसातल्या ज्यांना अर्धी रजा मिळाली त्या, आत्याच्या दोन्ही सुना आणि पोळ्यांच्या मावशींच्या गल्लीतल्या बायका, असं करत यादी झाली. पैसे ज्याच्या-त्याच्या ऐपतीनं जमवले. कुणी दोन तिकिटांचे दिले, कुणी अर्ध्याचे. मंगळवारी दुपारी बाराला खेळ लागला. थिएटर भरलं.

पुढच्या शुक्रवारी तो सिनेमा पुण्यातून उतरला, एवढ्यानं त्याचं नशीब बदललं नाही. यादी मात्र तशीच ठेवली आहे, आणि आता पुढच्या मराठी सिनेमासाठी फोनाफोनी सुरू झाली आहे. आईचे गुडघे हल्ली दुखतात, तिला कडेची खुर्ची लागते. थिएटर ठरवायच्या आधी मी प्रत्यक्ष जाऊन यावं असं तिचं म्हणणं आहे. ‘‘बायकांच्या स्वच्छतागृहाला दारं किती आहेत ते मोजून ये,’’ म्हणाली. ‘‘मागच्या वेळी रांगेत उभी राहिले आणि मध्यंतरानंतरचा पहिला प्रसंग माझा गेला, तो अजून मला कुणी नीट सांगितलेला नाही.’’